आनंदाला ओळखणारे ससे

भगत मॅडम विद्यार्थ्यांशी तेलुगूत बोलायच्या, ऑफिसातल्या लोकांशी हिंदीत, सशांशी आपल्या गावच्या मराठीत, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांशी शक्यतो बोलायच्याच नाहीत.

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी जिल्ह्यातल्याच मुधोळचा, तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. प्राणिशास्त्राची आणि आमची प्रयोगशाळा एकाच लांबलचक खोलीत होती. मधे कपाटं लावून तिचे दोन भाग केले होते. पहिल्याच दिवशी कपाटांपलीकडून आवाज आला, "काऊन रे उटनूर, कालपासून गवताले तोंड नाई लावलं? कोनावर रुसला?"

मला वाटलं, उटनूरचं कोणी माणूस आलंय. डोकावून पाहिलं तर पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसलेल्या एक बुटक्या बाई. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. पिंजऱ्यात पांढराशुभ्र ससा. शेजारच्या पिंजऱ्यांत आणखी दोन. त्यांची नावं बोथ आणि आसिफाबाद.

"तालुक्यांची नावं काहून ठेवली?" मी विचारलं.

"हैदराबादच्या लोकांले आपला जिल्हा ठाऊक नाई," त्या म्हणाल्या. "सशाईले तरी असू द्या."

अशी आमची ओळख झाली. त्या यशोदा भगत. भीमपूरकडच्या एका खेड्यातल्या. आईबाप दुसऱ्यांच्या कापसात राबलेले. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि शिकण्याचा हट्ट, एवढीच इस्टेट. शिष्यवृत्तीवर त्या हैदराबादला गेल्या, तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलं, आणि तिथं राहता येत असताना परत आदिलाबादला आल्या.

त्यांच्या काही सवयींनी लोक हैराण व्हायचे. त्या भाकरी आणि हिरवी मिरची उभ्यानंच खात. बसून जेवलं की झोप येते, म्हणत. कोणी "पाहू" असं म्हटलं की त्या लगेच विचारत, "कवा?" हा प्रश्न त्या शिपायालाही विचारत आणि प्रिन्सिपॉललाही. आपल्याकडे "पाहू" हा शब्द विषय संपवायला वापरतात. मॅडमना ते मान्यच नव्हतं. त्यामुळं त्यांना बढती मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

आणि त्यांच्या खांद्याला कायम एक थर्मास असे. स्टाफरूममध्ये कोणी "मॅडम, एक कप आम्हालाही" म्हटलं की त्या सांगत, "चहा नाई, ससा हाये यात."

त्या थर्मासात बर्फ असे आणि बर्फात बोटाएवढी काचेची कुपी. कुपीत पिवळसर पाणी. त्यासाठी त्या परत आल्या होत्या.

त्या पाण्याचा अर्थ त्यांनी मला एकदा बाजाराच्या भाषेत समजावला होता. पुढं मी तो वर्गात कित्येकदा वापरला. "पोळ्याले सारे बैल नदीवर जमतेत ना सर? कुनब्याले त्याचा बैल शोधा लागत नाई. गर्दीतून सरळ जाते अन् वेसनीले हात घालते. अँटिबॉडी तशी. रगतात हजार प्रथिनं असतीन, ते एकालेच धरते. जे सरळ जाऊन त्यालेच धरते, ते प्रायमरी. बाकीच्या तिच्या मागून येनाऱ्या."

हैदराबादच्या प्रयोगशाळेत अशा अँटिबॉडी परदेशातून यायच्या. मॅडमना हवी होती ती कोणी विकत नव्हतं, निदान त्यांच्यापर्यंत पोचेल अशी तरी नाही. म्हणून त्या ती सशांकडून करवून घेत होत्या. त्यांना ओळखायचं होतं सिकलचं हिमोग्लोबिन. आपल्या भागात सिकलचा आजार पुष्कळ. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरांत अडकतात, आणि माणूस हाडं फुटल्यासारखा ओरडतो. मोठ्या माणसाच्या रक्तात हे साध्या परीक्षेत दिसतं. नुकत्या जन्मलेल्या बाळात दिसत नाही. त्याच्या अंगात अजून आईच्या पोटात असतानाचं रक्त असतं, आणि त्या रक्ताआड सिकल लपून बसतं. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की बाळ पाळण्यात असतानाच कळलं, तर त्याला रोज पेनिसिलिन देता येईल, ताप येताच हलवता येईल. ही मुलं मरतात ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, साध्या तापानं.

हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांच्या पाठची दोन भावंडं अशीच गेली होती. वाचला तो सर्वांत धाकटा, आनंदा.

आनंदा तहसीलच्या दफ्तरात टायपिस्ट होता. काटकुळे पाय, हळदीसारखे पिवळे डोळे, घोट्याजवळ कधीच न भरणारी जखम आणि तोंडात सतत काहीतरी गमतीचं. दुखणं उठलं की तो घरी जायचा नाही, आमच्या प्रयोगशाळेतल्या मागच्या बाकावर येऊन पडायचा. घरी माय रडते, म्हणायचा. मॅडम गरम पाण्याची पिशवी त्याच्या मांडीखाली सरकवायच्या आणि एका हातानं त्याचा पाय चेपत दुसऱ्या हातानं विद्यार्थ्यांच्या जर्नल तपासायच्या.

सशांना टोचलेलं हिमोग्लोबिन आनंदाच्याच रक्तातून काढलेलं होतं. सुटीत मॅडम ते हैदराबादला नेऊन शुद्ध करून आणत आणि सशांच्या पाठीवर कातडीखाली टोचत. सशाचं शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करी. काही आठवड्यांनी सशाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढलं की ती त्यात मिळे.

"सर, बाईनं माहं रगत सशाले टोचलं," आनंदा बाकावरून मला सांगायचा. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणे. "आता हा उटनूर माहा सोयरा झाला. लगनात त्याले आहेर करा लागन."

"बोलू नको, दम लागते," मॅडम म्हणायच्या.

"बोलू नको तं काय करू? ससा होऊ?"

पहिल्यांदा काढलेला रस, म्हणजे सशाच्या रक्तातलं ते पिवळसर पाणी, मात्र कामाचा निघाला नाही. तो आनंदालाही ओळखे, मलाही आणि शिपायालाही. माणसाचं हिमोग्लोबिन दिसलं की त्याला चिकटे. सिकलचं आणि साधं हिमोग्लोबिन यांच्यात फरकच इतका लहान की सशाला तो दाखवून द्यावा लागतो. मग मॅडमनी माझं रक्त मागितलं. साध्या रक्ताला चिकटणाऱ्या अँटिबॉडी त्यात अडकवून काढून टाकायच्या. उरतील त्या फक्त सिकलला ओळखणाऱ्या.

"तुमचं रगत एकदम साधं हाये सर," माझ्या दंडाला पट्टा बांधत त्या म्हणाल्या. "लय कामाचं."

माझ्या रक्ताची एवढी स्तुती पुन्हा कोणी केली नाही.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला कपाटापलीकडून हाक मारली. काचेवर थापलेल्या पातळ जेलीत तीन बारीक खड्डे पाडलेले होते. मधल्या खड्ड्यात सशाचा रस, एका बाजूला आनंदाचं रक्त, दुसऱ्या बाजूला माझं. रस आणि रक्त जेलीतून एकमेकांकडे सरकतात, आणि ओळख पटली तर दोघांच्या मधे पांढरी रेघ उमटते. माझ्या बाजूला काही नव्हतं. आनंदाच्या बाजूला केसाएवढी, पण स्वच्छ रेघ होती.

मॅडम पाहत राहिल्या. मग पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आनंदा त्या दिवशी बरा होता. बहिणीच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "एवढुशी? माह्या दुखन्याच्या मानानं बारीकच काढली बाई."

त्यानंतर दोनेक वर्षं मॅडमचे रविवार भीमपूरकडच्या गावांत गेले. मी अधूनमधून सोबत असे. गावात बाळंतीण आहे असं कळलं की त्या जायच्या, बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायच्या, तिथंच जेलीच्या काचेवर रसाशेजारी लावायच्या, आणि सोमवारी रेघ पाहायच्या. रेघ उमटली म्हणजे आजार आहेच असं नसे. नुसता वाहकही असू शकतो. मायबापांचं रक्त पाहायचं, मूल सहा-आठ महिन्यांचं झालं की पुन्हा तपासायचं, आणि तोवर पेनिसिलिनची गोळी बंद करायची नाही. हे सगळं त्या प्रत्येक घरी बसून, न कंटाळता सांगत.

एकदा रस्त्यात पोलिसांनी बस थांबवली. तेव्हा नक्षलवाद्यांमुळं आमच्याकडे अशा तपासण्या नेहमीच्या होत्या. थर्मास पाहून एका जवानानं विचारलं, "इसमें क्या है?"

"खरगोश का पानी," मॅडम म्हणाल्या.

त्याला वाटलं त्या थट्टा करताहेत. त्यानं झाकण उघडून थर्मास रस्त्यावर उलटा केला. बर्फाबरोबर कुपी खडीवर पडली आणि फुटली. मॅडम खाली बसल्या आणि ओल्या मातीकडे पाहत राहिल्या. जवान बिचारा पोरसवदा होता, तोही घाबरला. "क्या था, अम्मा?" असं पुन्हा पुन्हा विचारू लागला. बस निघाली. त्या रविवारी आम्ही बाळाला नुसतं पाहून परत आलो.

याच फेऱ्यांत शांताची मुलगी सापडली. शांता पैनगंगेच्या काठच्या एका वस्तीवरची, कापूस वेचणारी, विशीतली. पहिलीच मुलगी. रेघ उमटली. मायबाप दोघंही वाहक निघाले. पुढं मूल मोठं झाल्यावर पुन्हा तपासलं, तेव्हा शंका उरली नाही. शांतानं रडून घेतलं आणि मग विचारलं, "मंग आता काय करू सांगा."

मॅडमनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी चुरून पाण्यातून. पाणी भरपूर. उन्हात नेऊ नको. अंग तापलं की घरगुती काही करत बसू नको, तडक आदिलाबादचा दवाखाना.

शांतानं ते असं पाळलं की मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. शेतावर गेली तरी गोळी पदरात. सासू म्हणे, एवढ्या लेकराला औषध कशाला, तर ती सासूशीही भांडली. वर्ष गेलं, मुलगी चालायला लागली. मॅडम तिच्याकडे पाहून हसायच्या. एरवी हसण्यात त्या कंजूष होत्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, हे जगली ना, तं मी लोकांले तोंड वर करून सांगीन."

श्रावणात पैनगंगेला पूर आला. वस्ती आणि सडक यांच्या मधला नाला भरून वाहू लागला. त्यात मुलीला ताप भरला. शांता तिला कडेवर घेऊन नाल्याच्या काठी उभी होती. नवरा दोनदा पाण्यात उतरला, दोनदा लोकांनी ओढून काढला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरायच्या आत मुलगी गेली.

आम्हाला हे कळलं ते शांताकडूनच. ती कॉलेजात आली. प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. मॅडम विद्यार्थ्यांना बेडूक दाखवत होत्या. तिला पाहून त्यांना काय ते समजलं. शांतानं पदराची गाठ सोडली आणि उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"दुसऱ्या कोनाच्या लेकराले होतीन," म्हणाली.

मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर शांता शांतपणे म्हणाली, "बाई, तुमाले ठाऊक होतं. मले ठाऊक होतं. मंग काऊन मेली?"

शांताच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं, आणि ज्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं त्या हेही सांगतील असं तिला वाटत होतं. वर्गातली पोरं खाली माना घालून उभी. मॅडमनी दुसरं स्टूल ओढलं. मग त्या तिच्याशेजारी बसून राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी दोघी तशाच बसलेल्या होत्या.

त्यानंतर मॅडम जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात गेल्या. मी सोबत होतो. पावसाळ्यात अशा मुलांसाठी गावातच इंजेक्शन ठेवा, एक नर्स नेमा, एवढंच मागणं. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मलेरिया की गोली पूरी नहीं पड़ती. इसकी तो मंजूरी ही नहीं है. देखेंगे."

"कब?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली टेबलाकडे पाहिलं. चिडले नाहीत. "मालूम नहीं, अम्मा," म्हणाले. परत येताना मॅडम म्हणाल्या, "खरं बोलला बिचारा."

आनंदा पुढच्या हिवाळ्यात गेला. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेला, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. ऑक्सिजनची नळी लावलेली असतानाही त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "सर, उटनूरले सांगजा, सोयरिक मोडली."

दहाव्या दिवशी मॅडम कॉलेजात आल्या. सशांना गवत घातलं. उटनूरच्या कानातून रक्त काढलं, रस वेगळा केला आणि रस चांगला आहे की नाही हे पाहायला नेहमीप्रमाणे काच लावली. फ्रीजमध्ये आनंदाचं रक्त ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काच दाखवली. रेघ होती.

"पाहा," त्या म्हणाल्या. "माय त्याचे कपडे लोकांले देऊन राह्यली. तहसीलीत त्याच्या जागी दुसरा आला. हा अजून ओळखते त्याले."

त्यांनी काच उजेडात धरली, फिरवली आणि परत ठेवली. त्या वेळी मी त्यांना पहिल्यांदाच बसून भाकरी खाताना पाहिलं. खाल्ली कसली, ताट समोर घेऊन बसल्या होत्या.

ससे गेले ते मेमध्ये. आमच्याकडचा मे माणसांना सोसत नाही, सशांचं काय? खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले होते, पंखा होता. त्या दुपारी वीज गेली ती आलीच नाही. कॉलेजला सुटी, म्हणून आम्ही दोघंच. ओली पोती पिंजऱ्यांवर टाकली, मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो, मॅडम सशांच्या कानांना ओलं फडकं लावत होत्या. ससा ओरडत नाही. नाकपुड्या हलवत राहतो, मग आडवा होतो. आधी बोथ गेला, मग आसिफाबाद. उटनूरला मॅडमनी मांडीवर घेतलं होतं. ऊन कलल्यावर त्यानं मागचे पाय ताणले. वीज आली तेव्हा पंखा एकदम फिरायला लागला आणि आम्ही दोघंही दचकलो.

"दुसरे ससे आणू," मी म्हणालो.

"आनता येतीन," त्या म्हणाल्या. "सिकलवाले रगत देतीन. समदं पुन्हा करता येते." मग उटनूरला पोत्यावर ठेवत, "रेघ काढता येते सर. रेघेच्या पुढचंच काई करता येत नाई."

उरलेला रस त्यांनी काटकसरीनं वापरला. तो संपला, तेव्हा कोणालाही सांगितलं नाही. थर्मास दिसेनासा झाला, त्यावरून मी ओळखलं. त्यानंतर माझी बदली मुधोळला झाली. भेटी कमी झाल्या. मॅडमनी नोकरी मुदतीआधीच सोडल्याचं आणि त्या गावी राहायला गेल्याचं कानावर आलं. कोणी म्हणे त्यांचं डोकं फिरलं, कोणी म्हणे दवाखाना काढला. दोन्ही खोटं होतं.

नव्वदनंतरच्या एका निवडणुकीत माझी ड्युटी भीमपूर भागात लागली. मतदान संपवून, पेट्या जीपमध्ये घालून आम्ही दुपार कलताना निघालो होतो. पोलीस, पेट्या, कागद असा सगळा पसारा. एका गावाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी थांबवली. समोर चिंचेखाली पाच-सहा बाया लेकरं घेऊन बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या मधे भगत मॅडम. केस पांढरे झाले होते. मी खाली उतरलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. हाक मारावीशी वाटेना.

त्यांच्या समोर एका तरुण बाईच्या मांडीवर उघडं बाळ होतं. मॅडमनी त्या बाईचा हात आपल्या हातात धरून बाळाच्या पोटावर, डाव्या बरगडीखाली, प्लीहेच्या जागी ठेवला होता.

"इथं. दाबू नको, नुसतं पाह्य. काई लागते?"

"नाई लागत."

"बरं हाये मंग. हे पानथरीची जागा. सिकलच्या लेकराची पानथरी एका दिवसात फुगते, अंगातलं समदं रगत तिथंच जमते. लेकरू पांढरं पडते. म्हनून रोज पाहाचं. निजवताना हात ठेवाचा, जसा आज ठेवला तसा. काल एवढी नव्हती अन् आज लागली, असं झालं का धावाचं. थांबाचं नाई. रगत चढवा लागते."

बाई लक्ष देऊन ऐकत होती. बाकीच्याही आपापल्या लेकरांच्या पोटांवर हात ठेवून पाहत होत्या. ड्रायव्हरनं बॉनेट बंद केलं आणि मला हाक मारली. सोबतचा पोलीस जमादार म्हणाला, "सार, पेट्टेलु उन्नायि, आगकूडदु." पेट्या आहेत, थांबता येत नाही. मी गाडीत बसलो.

गाडी सुरू होताना त्या तरुण बाईचा आवाज आला.

"धावाचं म्हनता, बाई. कोनीकडं धावाचं?"

मॅडमनी तिचा हात बाळाच्या पोटावरून काढला नाही. नुसती मान वळवून सडकेकडे पाहिलं. सडकेवर आमची जीप तेवढी होती, आणि ती निघाली होती.